वाचकांचे प्रश्न : एक तरी धड हवं

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. हाती घेतलेलं पुष्कळ आहे, पण ‘हे सगळं कशासाठी?’ याचं उत्तर त्यातून निघत नाही. सारखी पत्रं एकत्र करून त्यांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी यादी अशी आहे. बढतीची परीक्षा, एक परकी भाषा, व्यायाम, कथालेखन, मुलांचा अभ्यास, घराची दुरुस्ती, एका संस्थेचं काम, चित्रकला, गुंतवणुकीचा अभ्यास, रोजचं वाचन आणि स्वतःचा छोटा व्यवसाय. अकरा झाल्या. सगळ्याच महत्त्वाच्या वाटतात. यातला माझ्या जगण्याचा हेतू कोणता, हे कसं ओळखू?

ओळखण्याचं तूर्त बाजूला ठेवा. आधी तास मोजा. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६, नोकरी आणि जाण्यायेण्याचे ५०, अंघोळ-जेवण वगैरेंचे २१, घरकाम आणि घरच्या माणसांचे २० वजा केले की उरतात २१. यातला एक तृतीयांश वेळ थकवा, आजारपण आणि अचानक उपटलेली कामं खातात. म्हणजे हाती खरे १४ तास. ते अकरांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा तास येतो, तोही आठवड्याला. त्यातला बराचसा ‘मागच्या वेळी कुठे थांबलो होतो’ हे आठवण्यातच जातो. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम त्या मानाने खराब होतं. सव्वा तासाच्या अकरा तुकड्यांत कशाचीच गोडी लागत नाही. आणि गोडीच लागली नाही तर हेतू कशावरून ओळखणार?

आता यादी चाळा. व्यायाम आणि मुलांचा अभ्यास हा पाया आहे, त्याला ध्येयांच्या रांगेत उभं करू नका. मुलांचा वेळ वरच्या २० तासांत धरलेलाच आहे. व्यायामाला आठवड्याचे ३ तास ठरवून द्या आणि त्यावर पुन्हा विचार करू नका. दुरुस्ती हे संपणारं काम आहे, त्याला शेवटची तारीख द्या. गुंतवणुकीला तीन महिन्यांतून एक दुपार पुरते. वाचन हा आनंद आहे, त्याचं मोजमाप करायला गेलात की तो जाईल. उरल्या सहा : परीक्षा, भाषा, कथा, संस्था, चित्रकला, व्यवसाय.

या सहांपैकी प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा. एक, आठवड्याला तिला प्रत्यक्ष किती तास मिळतात? अंदाज नको. दोन आठवडे रोज रात्री पाच मिनिटं नोंद करून आकडा काढा. दोन, ती कायमची थांबली तर नेमकं कोणाचं काय अडेल? तीन, हे मी करतो हे कोणालाच कधी कळणार नसेल, तरी करीन का? तिसऱ्या प्रश्नावर भल्याभल्या ध्येयांची हवा जाते. ती ‘लोक काय म्हणतील’च्या जोरावर उभी असतात.

मग एक मुख्य आणि एक दुय्यम निवडा. मुख्य गोष्टीला ८ तास, दुय्यमला ३, व्यायामाला ३, झाले १४. बाकीच्या चार बारा आठवडे बंद. कमी नव्हे, बंद. ‘रविवारी जरा बघू’ असं ठेवलंत तर त्या चारही रविवारी दाराशी उभ्या राहतील.

चुका दोन ठिकाणी हमखास होतात. एक म्हणजे चार गोष्टी ‘व्यक्तिमत्त्व विकास’ अशा एका नावाखाली कोंबून यादी लहान झाल्याचं समाधान मानणं. दुसरी, परीक्षेला तारीख आहे म्हणून तिलाच मुख्य समजणं. तारखेचं काम बिनतारखेच्या कामाला नेहमीच मागे सारतं. परीक्षा तोंडावर असेल तर जरूर ती आधी उरका, पण ती ‘घाई’ म्हणून नोंदवा, ‘हेतू’ म्हणून नव्हे.

प्रश्न : तीनच गोष्टी ठेवा, पाच ठेवा, सात ठेवा असं वेगवेगळं वाचलं. बरोबर आकडा कोणता?

असा आकडा नाही. सातचा दाखला बहुतेक मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखापर्यंत जातो, चारचा नेल्सन कोवान यांच्या २००१ च्या लेखापर्यंत. पण दोन्ही लेख मन एका वेळी किती सुट्या गोष्टी धरून ठेवू शकतं याबद्दलचे आहेत. आयुष्यात किती ध्येयं असावीत याच्याशी त्यांचा संबंध नाही.

तुमचा आकडा भागाकारातून काढा. हाती असलेले तास भागिले एका गोष्टीला लागणारे किमान तास. कोणतंही कौशल्य पुढे सरकायला आठवड्याला तीनेक तास तरी लागतात असं धरून चाला. सहा तास असतील तर दोन गोष्टी, चारच असतील तर एक. शिवाय जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेलं सूत्र इथेही लागू पडतं. कामांचा ओघ साधारण स्थिर असेल तर एका कामाला लागणारा सरासरी काळ म्हणजे चालू कामांची संख्या भागिले पुरं होण्याचा वेग. दहा कामं चालू आणि वर्षाला दोन पुरी होत असतील तर प्रत्येकाला सरासरी पाच वर्षं. चालू कामं तीनवर आणली तर वेग तोच राहूनही दीड वर्ष. माणसं जास्त मेहनत करायला तयार असतात, कामं कमी करायला नसतात.

प्रश्न : चार वर्षं एका अभ्यासक्रमात घातली. आता त्यात मन नाही, पण सोडवतही नाही. इतकं घालवून सोडायचं म्हणजे सगळं वाया गेलं असंच ना?

गेलेली चार वर्षं पुढे चालू ठेवल्यानेही परत येणार नाहीत. पण हे कळत असूनही वळत नाही, आणि तसं होणारे तुम्ही एकटे नाही. आर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाटकांच्या हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण दराने आणि काहींना सवलतीत दिली. कोणाला काय मिळेल हे निव्वळ योगायोगाने ठरलं होतं. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, फरक फक्त खिशातून गेलेल्या पैशांचा होता.

स्वतःला विचारायचा प्रश्न असा : हा अभ्यासक्रम मी कधीच सुरू केला नसता आणि आज कोणी मला राहिलेला भागच देऊ केला असता, तर लागणारे तास मोजून मी तो घेतला असता का? इथे राहिलेला भाग प्रामाणिकपणे मोजा. सहा आठवडे उरले असतील आणि प्रमाणपत्राचा उपयोग असेल तर पुरा करून टाका, त्यात भावनेचा प्रश्नच नाही. दोन वर्षं उरली असतील आणि उत्तर ‘नाही’ असेल तर बंद करा. अंदाज काढताना मात्र सैल हात ठेवा. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं, लागले ५५. तुमच्या मनातल्या आकड्याला दीडने गुणलंत तर सत्याच्या जवळ याल.

सोडण्याचीही रीत असते. नुसतं दुर्लक्ष केलं तर ते भिजत घोंगडं होऊन डोक्यात राहतं. एक पान घ्या. त्यावर कुठवर आलो, काय शिकलो, साहित्य कुठे ठेवलं, आणि पुन्हा उघडायचं झालं तर पहिली पायरी कोणती, एवढं लिहा. संबंधित माणसांना कळवा. दिनदर्शिकेतल्या नोंदी, सूचना, गट, वर्गणी काढून टाका. वस्तू डोळ्यांसमोरून हलवा. आणि फेरविचाराची एक तारीख टाका, सहा महिन्यांनंतरची. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत असं आढळलं की अपुऱ्या कामाची नेमकी योजना लिहिली की ते काम न करताही मनात घोळायचं थांबतं. ते एक पान हेच करतं. ते लिहायला पाऊण तास लागतो आणि बरेच जण हीच पायरी गाळतात. मग तीन आठवड्यांनी जुनं काम गुपचूप परत सुरू झालेलं असतं.

प्रश्न : इकिगाईची (‘जगावंसं वाटण्याचं कारण’ अशा अर्थाचा जपानी शब्द) चार वर्तुळं काढून पाहिली. आवड, कसब, जगाची गरज आणि मोबदला. मधल्या जागेत काहीच बसत नाही. माझ्या आयुष्याला हेतूच नाही का?

चित्राचा दोष स्वतःच्या माथी घेऊ नका. ती चार वर्तुळं मुळात जपानी नाहीत. स्पेनच्या आंद्रेस सुसुनागा यांच्या आकृतीत मध्यभागी ‘हेतू’ असा शब्द होता. २०१४ मध्ये ब्लॉगलेखक मार्क विन यांनी त्या जागी ‘इकिगाई’ लिहिलं आणि चित्र जगभर पसरलं. जपानमध्ये या विषयावर १९६६ मध्ये पुस्तक लिहिणाऱ्या मिएको कामिया मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि कुष्ठरुग्णांसाठीच्या संस्थेत काम करत. तिथल्या माणसांना जगावंसं कशामुळे वाटतं, हा त्यांचा प्रश्न होता. मोबदल्याचं वर्तुळ त्यात कुठे बसणार?

चारही गोष्टी एकाच कामात सापडाव्यात ही अट फार कडक आहे. दोन वर्तुळं जुळली तरी काम सुरू करायला पुरे. मोबदला एका कामातून आणि अर्थ दुसऱ्यातून मिळत असेल तर त्यात उणेपणा नाही. उलट आवडीवर पोट भरण्याचा भार पडला की ती कोमेजते, हेही पुष्कळदा होतं.

प्रश्न : मी यादी कमी करते, पण लोक ती परत भरतात. नाही म्हणता येत नाही.

भीड भिकेची बहीण, हे जुन्यांनी उगीच नाही म्हटलं. पण भीड चेपण्यासाठी स्वभाव बदलायची गरज नाही, वाक्यं तयार हवीत.

जागच्या जागी उत्तर देऊ नका. ‘माझं वेळापत्रक बघते आणि उद्या संध्याकाळपर्यंत कळवते.’ कळवायची वेळ स्वतःच सांगा आणि ती पाळा, कारण ताटकळत ठेवलेला माणूस नकारापेक्षा जास्त दुखावतो. नकार देताना : ‘विचारलंस हे बरं वाटलं. पण मार्चअखेरपर्यंत मी नवीन काही घेत नाही.’ बस, एवढंच. कारणांची माळ लावू नका. प्रत्येक कारणावर समोरचा तोडगा काढतो (‘मग रविवारी ये’, ‘मग घरून कर’) आणि तुमचे मुद्दे संपतात. वरिष्ठांना थेट ‘नाही’ म्हणण्याऐवजी निवड त्यांच्याकडे सोपवा : ‘हे शुक्रवारपर्यंत हवं असेल तर आधीच्या दोनपैकी कोणतं पुढे ढकलू?’

सगळ्यात फसवं निमंत्रण लांबच्या तारखेचं. तीन महिन्यांनी आपल्याला आजच्यापेक्षा मोकळा वेळ असेल असं माणसाला वाटत असतं. झाउबरमन आणि लिंच यांनी २००५ मध्ये हे तपासलं होतं, आणि पैशांपेक्षा वेळेच्या बाबतीत हा भ्रम जास्त आढळला. म्हणून एकच कसोटी लावा : हे याच मंगळवारी असतं तर घेतलं असतं का? नसेल, तर तीन महिन्यांनीही नको.

प्रश्न : धीर करून एकच गोष्ट निवडली. तिसऱ्या आठवड्यात रस संपला. निवड चुकली का?

तिसऱ्या आठवड्यात ते सांगता येत नाही. नवलाई दोन ते चार आठवड्यांत ओसरते आणि कौशल्याचा आनंद तोवर सुरू झालेला नसतो. मधला हा पट्टा कोरडाच असतो. ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांच्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं की आवड ही आयती ‘सापडते’ असं मानणारे लोक ती एकदा सापडली की उत्साह आपोआप टिकेल अशी अपेक्षा ठेवतात, आणि विषय अवघड होताच त्यांचा रस जास्त घसरतो. आवड वाढवावी लागते असं मानणारे त्या मानाने टिकतात. सवयीचं गणितही सावकाश चालतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ९६ जणांच्या अभ्यासात (२०१०) एखादी कृती सवयीची व्हायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांपेक्षा जास्त लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. ‘२१ दिवसांत सवय’ विसरा.

बारा आठवड्यांचा प्रयोग लावा. आठवड्याला तीन बैठकी, म्हणजे एकूण ३६. बैठक ९० मिनिटांची असली तर उत्तम, ५० पेक्षा कमी नको. वेळ आणि जागा ‘जर-तर’ वाक्यात बांधा : ‘मंगळवारी रात्री भांडी आवरून झाली की खिडकीजवळच्या टेबलाशी बसून वही उघडेन.’ ‘रोज थोडं लिहीन’ हा संकल्प आहे, त्याला ना शेंडा ना बुडखा. पेटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये अशा ‘जर-तर’ योजनांच्या ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा ध्येय गाठण्यावर त्यांचा मध्यम ते मोठा परिणाम दिसला. मानसशास्त्रातल्या उपायांत एवढं दुर्मीळ.

बैठक संपताना दोन नोंदी करा : मिनिटं, आणि पुढच्या वेळी सुरुवात कुठून करायची. शक्यतो एखादं वाक्य किंवा आकृती अर्धी ठेवूनच उठा, म्हणजे परत बसल्यावर हात लगेच चालतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एखादी नवी झकास कल्पना हटकून येते. तिला हाकलू नका आणि आतही घेऊ नका. एका वेगळ्या वहीत तारखेसह लिहा. बारा आठवडे संपेपर्यंत ती वही वाचायची नाही. नंतर उघडाल तेव्हा त्यातल्या बऱ्याच कल्पना शिळ्या वाटतील. ज्या तशा वाटणार नाहीत, त्यांची दखल घ्या.

शेवटी निकाल असा लावा. ३६ पैकी ३० बैठकी झाल्या का? वीसच झाल्या असतील तर कामाबद्दल मत बनवूच नका, आधी वेळेची जागा बदलून पुन्हा करा. तीस झाल्या असतील तर नोंदी वाचा. शेवटच्या चार आठवड्यांत तुमचे प्रश्न पहिल्यापेक्षा बारीक झाले आहेत का? न ठरवता जास्त वेळ बसलात असं किती वेळा झालं? या कामाचा तुमच्याखेरीज आणखी एका तरी माणसाला उपयोग झाला का? तिन्हींची उत्तरं रिकामी असतील तर निवड बदला, आणि ती शांतपणे बदला, कारण आता तुमच्याकडे ३० बैठकींचा पुरावा आहे. लहर म्हणून सोडणं वेगळं.

प्रश्न : मला यादीच करता येत नाही. कशातच रस वाटत नाही. आधी आवडायचं तेही आता नको वाटतं.

मग वरचं काही करू नका. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणं, मन सतत उदास राहणं, झोप किंवा भूक बिघडणं, थकवा, स्वतःला निकामी समजणं, यांतलं बरंचसं दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज होत असेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा होण्याचे विचार येत असतील तर भेटीची वाट पाहू नका, आजच जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची मदत घ्या. ध्येय, प्राधान्य, हेतू हे सगळं नंतर पाहता येतं. बरं वाटू लागल्यावर हे प्रश्न पुष्कळदा आपोआप सोपेही होतात.

प्रश्न : आजारी आईची सगळी देखभाल माझ्याकडे आहे. दिवसाकाठी सलग ४० मिनिटं मिळाली तरी नशीब. माझ्यासारखीने एक ध्येय तरी कसं ठेवायचं?

एकच ठेवा, दुय्यम नको. आठवड्यातले चार दिवस धरले तर दोन तास चाळीस मिनिटं होतात. उरलेले तीन दिवस हिशेबात घेऊ नका, ते हातचे जाणारच आहेत. निवड करताना आवडीइतकंच हे पाहा की काम मध्येच सोडून उठता येतं का. भरतकाम, वाचून टिपणं काढणं, भाषेचा अभ्यास, रेखाटन हे मध्येच थांबवलं तरी बिघडत नाही. ज्याची मांडामांड करायलाच पंधरा मिनिटं जातात ते आत्ता नको. साहित्य एका पेटीत किंवा ताटात कायम मांडलेलं ठेवा, बसल्यापासून दोन मिनिटांत हात चालू झाला पाहिजे. ‘जर-तर’ वाक्य घड्याळाला बांधू नका, घटनेला बांधा : ‘आई दुपारी झोपली की.’ बारा आठवड्यांऐवजी चोवीस धरा.

आणि एक काम याहून आधीचं आहे. आठवड्यातून एकदा तीन तास तुमच्या जागी कोण थांबू शकेल, ते ठरवा. भावंडांना ‘कधीतरी मदत करा’ असं म्हणू नका. ‘शनिवारी चार ते सात तू’ असं वार आणि वेळ घालून सांगा, आणि औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, आईला काय चालतं-काय नाही हे एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पहिल्या शनिवारी बाहेर पडू नका, शेजारच्या खोलीत बसा. दुसऱ्या शनिवारपासून बाहेर जा.